दोन टेस्ट झाल्या, पण हवी ती राहूनच गेली

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांचा, ठाण्यात घोडबंदरला आईबाबांबरोबर राहतो, ऐरोलीला आयटीत जॉब. मे महिन्यात साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात आहे. गटारीला टीमची पार्टी होती, त्यानंतर ऑफिसातल्याच एका मुलीच्या फ्लॅटवर गेलो आणि आमच्यात ओरल सेक्स झाला, दोघांनी एकमेकांना केलं, कंडोम नव्हता, त्यापुढे काही झालं नाही. आज १९ दिवस झाले. दुसऱ्या दिवसापासून डोक्यातून एचआयव्ही जात नाहीये. सहाव्या दिवशी एक टेस्ट केली, बाराव्या दिवशी दुसरी, दोन्ही निगेटिव्ह. तरी लघवीला थोडी जळजळ वाटते, घसा खवखवतो आणि लिंगाच्या टोकाच्या कडेला बारीक पांढरे दाणे दिसतायत. त्या मुलीला मी ब्लॉक केलंय, ती कशी आहे मला नीट माहीत नाही. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत गूगल करत बसतो. होणाऱ्या बायकोला काय सांगू? – झोप उडालेला, ठाणे

उत्तर:

पत्र दोनदा वाचलं तुझं. दुसऱ्यांदा वाचताना बोटांवर दिवस मोजत वाचलं, कारण या विषयात काय झालं याच्याइतकंच ते कधी झालं यालाही महत्त्व असतं, आणि तू दिवस नीट लिहिलेस हे फार बरं केलंस.

ज्यासाठी जागतोयस ते आधी. ओरल सेक्समधून एचआयव्ही लागायची शक्यता फार म्हणजे फारच कमी असते. थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही, त्यामुळे तिने तुला केलं तेव्हा तुझ्या अंगाला लागली ती तिची लाळ, आणि तू तिला केलंस त्या बाजूनेही धोका अगदी थोडा, तो वाढतो कधी तर तुझ्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंड आलेलं असेल, नुकताच दात काढलेला असेल किंवा तिची पाळी चालू असेल तर. आणि हे सगळंसुद्धा समोरच्याला एचआयव्ही असेल आणि त्यावर औषध चालू नसेल तरच, कारण जो माणूस रोज औषध घेतो आणि ज्याच्या रक्तातला व्हायरस टेस्टमधे सापडणार नाही इतका खाली गेलाय त्याच्याकडून सेक्समधून तो दुसऱ्याला जातच नाही, हे आता पक्कं झालेलं आहे.

एवढं सांगून मला थांबता आलं असतं, पण थांबत नाहीये. तू ज्याला घाबरलायस ते या वाटेने जवळजवळ येतच नाही, आणि जे या वाटेने अगदी सहज येतं त्याची एकही टेस्ट तू आजवर केलेली नाहीस. दोनदा रक्त दिलंस, दोनदा पैसे भरलेस, आणि दोन्ही वेळा चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट.

मी परमा आणि गरमीबद्दल बोलतेय. परमा म्हणजे गोनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस, पुस्तकात उपदंश लिहितात. त्यांच्या जोडीला क्लॅमिडिया, आणि हर्पीस, एचपीव्ही हे दोन व्हायरस. हे सगळे तोंडातून खाली आणि खालून तोंडात, दोन्हीकडे जाऊ शकतात, क्लॅमिडिया जरा कमी, परमा आणि गरमी चांगलेच. परमा, गरमी, क्लॅमिडिया हे तिन्ही योग्य औषधाने पूर्ण बरे होतात, म्हणून तर मला एवढी घाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात १५ ते ४९ या वयात अशा बऱ्या होणाऱ्या लैंगिक आजारांच्या रोज १० लाखांहून जास्त नवीन लागणी होतात आणि त्यातल्या बहुतेकांना काही लक्षणच दिसत नाही. घशातला परमा तर बहुतेक वेळा गुपचूप बसून असतो, ना दुखत ना काही, त्यामुळे "मला काही होत नाहीये म्हणजे काही नाही" हे गणित इथे चालत नाही आणि "माझा घसा खवखवतोय म्हणजे नक्की तेच" हेही चालत नाही. श्रावणात ठाण्यात कोणाचा घसा खवखवत नाही सांग.

आता तुझ्या तक्रारी एकेक घेऊ. लघवीची जळजळ. परमा पुरुषाच्या लघवीच्या नळीत झाला तर साधारण २ ते ५ दिवसांत कळतो, कधी दोन आठवडे लागतात, आणि तो शक्यतो लपत नाही, पिवळा-हिरवा घट्ट पू येतो, चड्डीला डाग पडतात. क्लॅमिडिया मवाळ असतो, एक ते तीन आठवड्यांनी थोडी जळजळ, सकाळी एखादा पातळ थेंब, किंवा काहीच नाही. तुझी थोडी जळजळ त्यात बसूही शकते, म्हणून टेस्ट. पण मला दुसरंही विचारायचंय, तू लिहिलं नाहीस तरी विचारते, डेटॉल किंवा सॅव्हलॉनने धुतोयस का? खूप मुलं असं करतात, त्याच रात्री घरी येऊन बाथरूममधे डेटॉल, मग रोज दोनदा डेटॉल, आणि ती नाजूक कातडी भाजल्यासारखी होते आणि मग जळजळ होते आणि मग वाटतं आजार झाला. तसंच दर तासाला ऑफिसच्या टॉयलेटमधे जाऊन, मोबाईलचा टॉर्च लावून, दाबून दाबून काही येतं का बघत असशील तर तेही आजपासून बंद. सारखं पिळल्याने नळी आतून चुरचुरते आणि थोडा ओलसरपणा त्या पिळण्यानेच यायला लागतो. साधं पाणी पुरे, दिवसातून एकदा, आंघोळीला.

पांढरे दाणे. टोकाच्या कडेने ओळीत बसलेले, सगळे एकसारखे, न खाजणारे न दुखणारे असे दाणे बऱ्याच पुरुषांना मुळातच असतात, तो आजार नाही, ते कोणाकडून येत नाहीत आणि कोणाला जातही नाहीत, फक्त आधी कधी इतकं निरखून बघितलेलं नसतं. तुझे तेच असतील असं मला वाटतं. पण मी ते बघितलेले नाहीत, तेव्हा डॉक्टरला दाखव, त्यांना दोन सेकंद लागतात.

मला काळजी आहे ती न दुखणाऱ्या गोष्टीची. सिफिलिसचा पहिला व्रण १० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकतो, साधारण तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तुझ्या बाबतीत आत्ताच कधीतरी. लिंगावर, ओठावर, जिभेवर, घशात, जिथे स्पर्श झाला तिथे. एकच गोल, कडक कडेचा, आणि दुखत नाही. जांघेत अवधाण, म्हणजे गाठ येते तीही फारशी दुखत नाही. आणि मग तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून निघतो, काही न करता. लोक फसतात ते इथेच.

मी काही वर्षं एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते. एकदा पाचव्या महिन्यातली एक बाई आली, गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही टेस्ट होते त्यात तिची सिफिलिसची रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आली होती, तिला बिचारीला तो शब्दच माहीत नव्हता, ती सारखी विचारत होती की बाळाला काय झालं. नवरा बाहेर बाकावर, हेल्मेट मांडीवर. त्याला आत घेतलं, दार लावलं, तर बराच वेळ हेल्मेटवरचा स्टिकर नखाने खरवडत बसला होता. मग म्हणाला, वर्षभरापूर्वी एक फोड आला होता, दुखत नव्हता, मेडिकलवाल्याने मलम दिलं, तीन आठवड्यांत गेला. आणि म्हणाला, मॅडम मी पूर्ण काही केलंच नव्हतं, नुसतं तोंडाने झालं होतं. तो खरंच बोलत होता, त्याला वाटलं होतं नुसतं तोंडाने केल्याने काही होतच नसतं. दोघांना पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, वेळेत दिली, बाळ व्यवस्थित झालं. पण सिफिलिस तसाच राहिला तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं, आणि ती बाई महिनाभर ज्या चेहऱ्याने माझ्यासमोर बसायची तो मी विसरलेले नाही. डिसेंबरात लग्न म्हणालास ना, म्हणून सांगितलं.

तर टेस्ट. हे तू वाचशील तोवर ठाण्यात दहीहंडीचे स्टेज बांधायला लागले असतील आणि तुझे तीन आठवडे उलटून गेले असतील, म्हणजे परमा आणि क्लॅमिडियाची टेस्ट करायची वेळ झालेली आहे, त्याला दोन आठवडे पुरतात. ही रक्ताची टेस्ट नाही, हे नीट लक्षात ठेव. लघवीची पीसीआर टेस्ट असते, लॅबवाले नॅट पण म्हणतात, आणि त्यासाठी लघवीची पहिली धार लागते. नेहमीच्या लघवीच्या तपासणीला आपल्याला सांगतात ना पहिली थोडी सोडून द्या आणि मधली घ्या, इथे बरोबर उलटं आहे, सगळा माल पहिल्या धारेत असतो, मधली दिलीस तर आजार असून सुटू शकतो. आणि देण्याआधी किमान एक तास लघवीला जायचं नाही, दोन तास थांबलास तर आणखी चांगलं. काउंटरवरच्या पोराला हे माहीत असेलच असं नाही, तूच विचार, तूच सांग. आणि तू तिला केलं होतंस, म्हणून तुझ्या घशातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायला लागेल, स्वॅब, कोविडमधे घ्यायचे तसाच. लघवीच्या रिपोर्टमधे घशातलं कळत नाही, खाली काहीच नाही आणि घशात परमा असं होऊ शकतं. घरी येऊन रक्त नेणारे मुलगे शक्यतो घशाचा स्वॅब घेत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचार आणि सेंटरवरच जा.

सिफिलिससाठी रक्त, व्हीडीआरएल किंवा आरपीआर आणि त्याच्या जोडीला टीपीएचए. एकदा आत्ता आणि एकदा तीन महिने झाले की, कारण सुरुवातीला ही टेस्ट निगेटिव्ह येऊनही आजार असू शकतो. रिअॅक्टिव्ह आली तरी लगेच छाती बडवू नकोस, व्हीडीआरएल दुसऱ्या कारणांनीही खोटी पॉझिटिव्ह येते, टीपीएचए म्हणूनच जोडीला लागते.

आणि एचआयव्ही. सहाव्या आणि बाराव्या दिवशी कुठलीही टेस्ट असती तरी तिने पक्कं काही सांगितलं नसतं. फोर्थ जनरेशन म्हणतात ती, म्हणजे शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीबरोबर व्हायरसचा पी२४ नावाचा तुकडाही शोधणारी टेस्ट, शिरेतून रक्त घेऊन लॅबमधे केलेली, ती ४५ दिवसांनी पक्की धरतात. बोटाला टोचून करतात ती झटपट अँटिबॉडीची टेस्ट ९० दिवसांनी पक्की. तुझं सोपं आहे बघ, तू गटारीचा दिवस दिलायस, अमावस्येपासून मोजलं तर अनंत चतुर्दशीला ४४ दिवस होतात, म्हणजे विसर्जन झालं, मांडव उतरले की दोन दिवसांनी जाऊन फोर्थ जनरेशन कर. आणि भाऊबीज झाली की तुझे ९० दिवस पूर्ण, तेव्हा सिफिलिसची दुसरी आणि हवी तर एचआयव्हीची शेवटची, दोन्ही एकाच फेरीत. लग्नाच्या आधी सगळं आटपतंय. मधल्या काळात एकही जास्तीची टेस्ट करायची नाही, दर आठवड्याला सुई टोचून घेतल्याने झोप लागत नसते.

पीईपी म्हणून, संबंधानंतर एचआयव्ही लागू नये यासाठी घ्यायच्या, २८ दिवसांच्या गोळ्या असतात, त्याबद्दल वाचलं असशील आणि हळहळत असशील की त्या राहिल्या, तर त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि नुसत्या ओरलसाठी सहसा देतच नाहीत. ते मनातून काढून टाक.

हर्पीसच्या रक्ताच्या टेस्टच्या मागे लागू नकोस. ओठाला बारीक फोड येतात ना तो हर्पीस, टाइप १, तो जगात ५० वर्षांखालच्या साधारण ६४ टक्के लोकांच्या अंगात आहे, बहुतेकांना लहानपणापासून. फोड नसताना रक्ताची टेस्ट केलीस तर पॉझिटिव्ह यायची खूप शक्यता आणि तो कधीचा, कुठला, काही कळत नाही, नुसतं नवीन टेन्शन. "एसटीडी प्रोफाइल" म्हणून पॅकेज विकतात त्यात हे हमखास घातलेलं असतं, आणि घशाचा स्वॅब मात्र बहुतेक त्यात नसतो. पॅकेज घ्यायच्या आधी आत काय काय आहे ते वाच. पाण्याने भरलेले, दुखणारे बारीक फोड आले तर मात्र ते फुटायच्या आत डॉक्टरला दाखव.

हिपॅटायटिस बी ची टेस्ट आणि लस हा लगे हाथ करून टाकायचा प्रकार. आपल्याकडे ही लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ ला आली, तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना ती लहानपणी मिळालेली नाही. आईला विचार, तिच्याकडे तुझं लसीचं कार्ड असेल. नसेल घेतली तर तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने. एचपीव्हीच्या लशीबद्दलही डॉक्टरला विचार, तो व्हायरस पुढे घशाच्या काही कॅन्सरमागे असतो, तुझ्या वयात तिचा किती उपयोग होईल ते ते सांगतील.

कुठे जायचं. लोकलच्या डब्यात दाराच्या वरती ते स्टिकर असतात ना, गुप्तरोग, एका कोर्समधे गॅरंटी, खाली नुसता मोबाईल नंबर, तिकडे चुकूनही नाही. लैंगिक आजारांचा खरा डॉक्टर म्हणजे स्किनचा डॉक्टर, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. एमडीला त्यांचा विषयच त्वचारोग, लैंगिक आजार आणि कुष्ठरोग असा एकत्र असतो. वेटिंगमधे बसलेल्यांना वाटणार पिंपल्ससाठी आलाय, तेवढीच तुला सोय. आत गेल्यावर अडखळू नये म्हणून वाक्य पाठ करून जा: "कंडोमशिवाय ओरल सेक्स झालाय, दोन्ही बाजूंनी, तीन आठवडे झाले, लघवी आणि घसा दोन्ही तपासायचंय." बस. लाजून "लघवीला त्रास होतोय" एवढंच म्हणालास तर लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या घेऊन परत येशील.

सरकारीत जायचं असेल तर आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि टेस्ट केंद्र, जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात असतं. तुला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ, किंवा ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती असेल तर खाडी ओलांडून वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. टेस्ट फुकट, आधी समुपदेशक बोलतो, तुझी लेखी संमती घेतो, रिपोर्ट देताना परत बोलतो. लैंगिक आजारांसाठी अशा हॉस्पिटलांत सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट, पीसीआर खिशाला जड जात असेल तर तिथे जायला काहीही कमीपणा नाही. सापडत नसेल तर १०९७ ला फोन कर, सरकारी टोल-फ्री नंबर आहे, जवळचं केंद्र सांगतात, नाव विचारत नाहीत.

आणि ऑफिसात कळेल ही भीती, तू लिहिली नाहीस पण असणार, म्हणून सांगते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात तुझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही आणि एचआयव्हीच्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. खरा धोका एचआरपेक्षा घरातल्या व्हॉट्सअॅपचा आहे. आजकाल लॅबवाले रिपोर्ट रजिस्टर केलेल्या नंबरला पाठवतात, आणि घरात बाबांच्या शुगरच्या टेस्टसाठी एकच अकाउंट काढलेलं असतं, नंबर आईचा. माझ्याकडे एक मुलगी आली होती तिचा रिपोर्ट असाच आईच्या फोनवर गेला होता. तेव्हा स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, आणि शक्यतो घरच्यांची नेहमीची लॅब नको.

एक गोष्ट हात जोडून सांगते, टेस्टच्या आधी मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिन घेऊन टाकू नकोस. मित्र सांगतात, इंटरनेटवर लिहिलेलं असतं, एक ग्रॅम मारून टाक सेफ होशील. होत नाही. अर्धवट औषधाने टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि परमा आज इतका निर्ढावलेला आहे की एकेकाळी ज्या गोळ्यांनी एका दिवसात जायचा त्यांना तो आता दाद देत नाही, त्याला सेफ्ट्रायअॅक्सोनचं इंजेक्शन लागतं, आणि घशातला तर अजून चिवट, म्हणून त्यात उपचारानंतर परत टेस्ट करून गेला का बघतात. आधीच घेतलं असशील तर डॉक्टरला कधी आणि किती ते सांग, ते ओरडतील, ओरडू दे.

आता त्या मुलीबद्दल. "ती कशी आहे मला नीट माहीत नाही" हे वाक्य मला टोचलं. त्या रात्री दोघंही होतात, दोघांनी केलं, आणि तिलाही तू कसा आहेस हे नीट माहीत नव्हतं. आज ती पण कुठेतरी घसा खवखवला की घाबरत असेल, वर तू ब्लॉक केलंयस, आणि सोमवार ते शुक्रवार तू त्याच मजल्यावर दिसतोस. तिच्या जागी बसून बघ एकदा. आज रात्री गूगलऐवजी तिला अनब्लॉक कर आणि साधं लिही: "त्या दिवसानंतर मी घाबरून ब्लॉक केलं, माझं चुकलं. मी सगळ्या टेस्ट करतोय, तूही करून घे, रिपोर्ट आले की सांगतो." तुझा एखादा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिला कळणं गरजेचंच आहे, बायकांमधे परमा आणि क्लॅमिडिया बऱ्याचदा काही त्रास न देता आत राहतात आणि पुढे गर्भनलिका खराब करून ठेवतात. आणि तिचा आला तर तुला कळेल. ऑफिसात चर्चा होईल म्हणून घाबरतोयस तर ब्लॉक केलेल्या माणसापेक्षा नीट बोललेल्या माणसाबद्दल कमी चर्चा होते, हे मी अनुभवाने सांगते.

होणारी बायको. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकत्र करून गोंधळतोयस. एक तिच्या शरीराची. तुमच्यात आत्ता काही होत असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, तोंडानेही नाही, आणि काही निघालं तर उपचार पूर्ण होऊन वर डॉक्टर सांगतील तितके दिवस जाईपर्यंत, परमा आणि क्लॅमिडियाला किमान सात दिवस. या काळात तुमच्यात काही झालेलं असेल आणि तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिला सांगायलाच लागेल, तिचीही टेस्ट आणि औषध लागेल, इथे माझ्याकडे दुसरा पर्याय नाही.

दुसरी गोष्ट झालेल्या प्रकाराची कबुली. माझं मत विचारशील तर लग्नाआधी सांगावं. पण आज नाही, रात्री तीन वाजता रडत फोन करून तर मुळीच नाही, कारण आज तू तिला जे सांगशील त्यात माफी कमी आणि तुझी घबराट जास्त असेल आणि तिला तुझंच सांत्वन करायला लागेल. ४५ दिवसांचा रिपोर्ट हातात येऊ दे, डोकं ठिकाणावर येऊ दे, मग तिला समोर भेटून, तलावपाळीला बसून सांग, आणि ती जे म्हणेल ते ऐकायची तयारी ठेवून सांग. ती लग्न मोडेलही. तो तिचा हक्क आहे, मुलीने लग्नाला होकार देताना तिला माणूस माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. काही जणी म्हणतील ताई कशाला सांगायचं, होऊन गेलं, मीही अशा घरांत बसलेय जिथे न सांगता निभावलं. पण तू पत्राच्या शेवटी हेच विचारलंस, म्हणजे तुला ते न सांगता जमणार नाहीये हे तुलाही कळलंय.

लग्नाआधी दोघांनी मिळून टेस्ट करा, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, आणि हो, थॅलेसेमिया पण, ते आपल्याकडे लोक पत्रिका जुळवण्याच्या नादात विसरतात.

पुढे कधी ओरल होणार असेल तर कंडोम. ते स्ट्रॉबेरी-चॉकलेटवाले त्यासाठीच असतात. बाईला करताना कंडोमचं टोक आणि रिंग कापून, उभा चिरून, उलगडून मधे धरता येतो. आणि तोंडाने करायच्या अगदी आधी खसाखसा ब्रश करू नये, लोक स्वच्छता म्हणून करतात पण हिरड्या सोलवटतात, नुसत्या चुळा भराव्यात.

४५ दिवसांनंतरही, पक्का निगेटिव्ह रिपोर्ट समोर असतानाही, तुला तो खोटा वाटायला लागला, लॅब चुकली असेल, नमुना बदलला असेल असं डोक्यात फिरायला लागलं, तर तिसरी लॅब शोधू नकोस, १४४१६ ला फोन कर. टेलि-मानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्याकडे असे येणारे कमी नव्हते, टेस्टच्या मागे दडलेली असते ती अपराधाची भावना आणि तिची टेस्ट कुठल्याच लॅबमधे होत नाही, बोलायलाच लागतं.

दहीहंडीच्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी किंवा नंतर, सकाळी आठला घरातून नीघ. उठल्यावर लघवीला जा, मग सेंटरवर पोहोचेपर्यंत जाऊ नकोस, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधे तास तसाही जातो. पाणी खूप ढोसू नकोस. आणि परमा-क्लॅमिडियाचे रिपोर्ट आले की मला दोन ओळी लिही, काहीही येवोत.